दाढीवाल्या कुत्र्याची दाढी ठेवावी की उडवावी?

शेवंती_कोथरूड
आमच्याकडे मिनिएचर श्नाउझर आहे. कागदोपत्री नाव ब्रूनो, पण त्या भुवया आणि दाढी बघून सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘भाऊसाहेब’ केलं. आता ब्रूनो म्हटलं तर तो मान वळवत नाही. रंग काळा-पांढरा मिसळलेला, स्वभाव गोड, कुकरच्या शिट्टीवर भुंकतो एवढंच.

तक्रार आहे ती दाढीची. पाणी प्यायला की अर्धं पोटात, अर्धं दाढीत. मग ते घेऊन हॉलभर फेरी मारायची आणि शेवटी सोफ्याच्या कडेला नाहीतर आईंच्या साडीला तोंड पुसायचं. गेल्या काही महिन्यांत तोंडाजवळ वासही यायला लागलाय. आई म्हणतात, “भादरून टाका एकदाची.” नवरा म्हणतो, दाढी काढली तर श्नाउझर कशाला पाळला? ग्रूमरकडे नेलं की दोन-चार दिवस बरं असतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तर अनुभवी मंडळी, दाढी ठेवावी की काढावी? ठेवली तर घरच्या घरी निगा कशी राखायची? इतर दाढीवाल्या जातींचे अनुभवही चालतील.

तांबडा_रस्सा
शीर्षक घाईत वाचलं, मला वाटलं नवऱ्याबद्दल आहे. सल्ला टाइप करून तयार होता. ;)

झणझणीत
@तांबडा_रस्सा, तोच सल्ला पेस्ट करा, नव्वद टक्के लागू पडेल. आमच्या ह्यांच्या दाढीतही आमटी असते.

रोखठोक_मी
स्पष्ट बोलतो, राग नसावा. थंड देशातली केसाळ कुत्री आपल्या उकाड्यात आणायची आणि मग दाढीत पाणी राहतं म्हणून धागे काढायचे. गावठी कुत्रा पाळा. दाढी नाही, ग्रूमर नाही, शाम्पू नाही. आमच्या सोसायटीतल्या काळूला कोणी कंगवा दाखवलेला नाही, मजेत आहे.

शेवंती_कोथरूड
@रोखठोक_मी, गावठीबद्दल काहीच वाद नाही, पण भाऊसाहेब ऑलरेडी घरात आहेत. आता त्यांना परत जर्मनीला पाठवू का?

कात्री_कंगवा
मी ग्रूमिंगच करते, चिंचवडला. धंद्याची जाहिरात करत नाही, घरी करता येईल तेवढंच सांगते.

आधी भांडं बदला. पसरट बाउलमध्ये पूर्ण थोबाड बुडतं. कमी रुंदीचं, थोडं खोल स्टीलचं भांडं घ्या आणि पाणी अर्ध्यापर्यंतच भरा. प्लास्टिक नको, त्याला चरे पडतात आणि घाण तिथे धरून बसते.

जेवण झालं की ओल्या फडक्याने दाढी पुसायची आणि मग कोरडा टॉवेल दाबून पाणी टिपायचं. दाबायचं, चोळायचं नाही. चोळलं की गुंता झालाच समजा. पावसाळ्यात हे जास्त सांभाळा, कारण दाढी दिवसभर दमट राहिली की बुरशीला आयतं घर मिळतं.

कंगवा स्टीलचा हवा, एका बाजूला दाते विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट असलेला. बहुतेक लोक वरवर ब्रश फिरवतात, दाढी छान फुललेली दिसते आणि आत हनुवटीखाली केसांचा घट्ट नमदा झालेला असतो. म्हणून टोकाकडून सुरुवात करायची, मुळाशी केस दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून ठेवायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही. तोंडाचे कोपरे, हनुवटीची खालची बाजू आणि सुळ्यांच्या जवळचा ओठ, गाठी बसतात त्या इथेच. गाठ सापडली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि बोटांनीच हळूहळू सुटी करा. कात्री आडवी घालून गाठ कापू नका. गाठीसोबत कातडी वर ओढलेली असते, ती दिसत नाही आणि कापली जाते. आमच्याकडे अशी रक्ताळलेली कुत्री महिन्याला येतात.

आता कापायचं कसं ते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मनात ओढा. तिच्या मागचे गाल आणि डोकं बारीक, पुढे दाढी. दाढी पुढे विंचरून वरून बघा, चेहरा लांबट चौकोनी दिसला पाहिजे. गालाला मशीन लावत असाल तर मधून मधून ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघा, तापलेलं असतं. भुवई पुढे विंचरायची आणि बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे तिरकी कापायची. डोळ्याजवळ गोल टोकाचीच कात्री घ्या आणि टोक डोळ्याच्या दिशेला कधीही नको.

आणि एक गोष्ट, जी ग्रूमरही कंटाळा करतात: खालच्या ओठाच्या अगदी कडेचे, ओठाच्या घडीत शिरणारे केस बारीक करा. बाहेरून काही कळत नाही, दाढी आहे तशीच दिसते, पण लाळ आणि अन्न तिथेच अडकतं. अर्धा वास तिथूनच येतो.

झणझणीत
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे कुत्रा नाही तरीही.

ल्हासाची_आई
ताई, माझा प्रश्न. आमची ल्हासा आप्सो पांढरी आहे. दाढी आणि डोळ्यांखाली तांबूस डाग पडलेत, विटकरी म्हणा. व्हॉट्सॲपवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचा उपाय आला होता. कोणी करून बघितलाय?

गोठा_ते_गच्ची
@ल्हासाची_आई, करू नका. पेरॉक्साइड डोळ्यात गेलं तर डागापेक्षा मोठं दुखणं होईल. टी ट्री ऑइलही नको, तेही कुत्र्यांना विषारी आहे. (मी पशुवैद्य आहे, सांगलीकडे. सकाळी म्हशी, संध्याकाळी शित्झू.)

ते तांबूस डाग पॉर्फिरिनचे. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा ही द्रव्यं तयार होतात आणि लाळेतून, अश्रूंतून बाहेर पडतात. काळ्या कुत्र्यालाही असतात, फक्त दिसत नाहीत. पडलेला डाग निघत नाही, तो केस वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं. नवीन पडू नये म्हणून कोरडं ठेवायचं. अचानक वाढले असतील तर मात्र डोळे दाखवा. पापणीचा केस आत टोचतोय का, अश्रुनलिका बंद आहे का, हे बघावं लागतं. पंजे चाटून तिथे तांबडं होत असेल तर ॲलर्जीही असू शकते.

आणि माणसांचा शाम्पू वापरू नका. आपली कातडी आम्लधर्मी, त्यांची जवळपास उदासीन.

आनेवाडीचा_आबा
शहरातल्या लोकांनी कॉर्नफ्लोअर घ्या, आम्हाला चिमटा लागतो. शेतावर एक दाढीवाला आहे, कोणत्या जातीचा ते त्याच्या आईलाच माहीत. पाऊस सरला की गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. रानातून आला की दाढीत कुसळ, आघाडा, गोखरू सगळं भरलेलं. आघाडा निघतो. कुसळाचं तसं नाही, त्याला मागे वळलेले काटे असतात, ते पुढेच सरकत जातं. केसातून कातडीत, कातडीतून मांसात. एकदा हनुवटीखाली गळू झालं, कापलं तर आत कुसळ. तेव्हापासून दिवाळीच्या आधी दाढी दोन बोटं ठेवतो. गोचीडही दाढीच्या मुळाशी लपते, कानात सगळेच बघतात, दाढीत कोणी बघत नाही.

सोफा आमच्याकडे नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

नेकरकाठी
मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. श्नाउझर हे इथलंच पीक. दक्षिण जर्मनीत तबेल्यात आणि शेतात उंदीर-घुशी मारायला ठेवत, गाडीबरोबर राखण करायला नेत. आधी त्याला ‘राठ केसांचा पिन्शर’ म्हणत. १८७९ साली हानोव्हरच्या प्रदर्शनात जो कुत्रा जिंकला त्याचं नाव श्नाउझर होतं.

इथले जुने लोक श्नाउझरच्या अंगाला मशीन लावू देत नाहीत. अंगावरचे मेलेले राठ केस बोटांच्या चिमटीत धरून उपटतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पिकलेला केस सैल झालेला असतो, कुत्रा झोपा काढत असतो. मशीन लावत राहिलं की वरचा राठ केस जाऊन खालची मऊ लव उरते आणि तो मीठ-मिरीचा रंग फिका, राखाडी होतो. दाढीला हे लागू नाही, ती कंगवा-कात्रीनेच.

दाढी का, याचं उत्तर इथे सगळे एकच देतात: उंदीर चावला तर तोंडात केस यावेत म्हणून.

पेशीपेशी
@नेकरकाठी, ही उंदराची गोष्ट प्रत्येक दाढीवाल्या जातीबद्दल सांगतात. कुठे उंदीर, कुठे बिज्जू, कुठे कोल्हा. मग डॅशहुंडच्या गुळगुळीत तोंडाच्या प्रकाराने बिळात शिरून काय केलं? माझ्या मते लोकांना दाढी आवडली, त्यांनी ती ठेवली, कारण नंतर शोधलं.

खरी गंमत जनुकात आहे. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अभ्यास आला होता. कुत्र्यांच्या जातींत केसांचे जे नाना प्रकार दिसतात, त्यातले बहुतेक फक्त तीन जनुकांच्या फेरफारातून होतात. आरएसपीओ२ मुळे दाढी-मिशा-भुवया, एफजीएफ५ मुळे केसांची लांबी, केआरटी७१ मुळे कुरळेपणा. एअरडेलपासून श्नाउझर, ल्हासा, पोर्तुगीज वॉटर डॉगपर्यंत दाढीमागे आरएसपीओ२ मधला तोच एक बदल. आणि तो प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लाला दाढी येते. आबांच्या शेतावरचा दाढीवाला असाच कुठून तरी उतरला असणार.

आनेवाडीचा_आबा
बंगलेवाल्यांचा एक होता खरा केसाळ. मला संशय होताच.

रोखठोक_मी
म्हणजे आपल्या देशी जातींत दाढी नाहीच ना? मी तेच म्हणतोय. या हवेत दाढीचं काम नाही.

पेशीपेशी
हवेचा संबंध तितका सरळ नाही. ल्हासा तिबेटच्या थंडीतली, दाढीवाली. सायबेरियन हस्कीही थंडीतली, तिला दाढी नाही. आपल्याकडे मुधोळ, कारवान, राजपालयम, रामपूर सगळे तुळतुळीत तोंडाचे हे खरं. पश्मीच्या कानाला-शेपटीला झालर असते, पण तोंड साफ. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती, त्यात हिमालयन शीपडॉग सोडला तर बाकी तिघे असेच सडपातळ आणि चिकणे.

सोलापुरी_चादर
पश्मीचा विषय निघाला म्हणून. आमच्या मामांकडे आहे. त्याला कोणी ‘केसाळ’ म्हटलं तर मामा चिडतात. वेगळा धागा काढा, फोटो देतो.

एडिंबरोचा_पाऊस
अवांतर होतंय तर आणखी थोडं. मी राहते ते गाव दाढीवाल्यांची राजधानीच आहे. स्कॉटी, वेस्टी, केर्न, स्काय, डँडी डिनमाँट, बिअर्डेड कॉली, सगळे स्कॉटलंडचे. रोज पाऊस आणि रोज चिखल, तरी लोक दाढ्या ठेवतात. फिरून आल्यावर दाराशीच कोमट पाण्याचा मग आणि टॉवेल असतो, बूट काढतात तसं आधी कुत्र्याचं तोंड धुतात.

इथल्या ग्रेफ्रायर्स बॉबी या कुत्र्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. मालक १८५८ मध्ये वारला आणि हा त्याच्या थडग्यापाशी राहिला, १८७२ मध्ये स्वतः जाईपर्यंत, असं सांगतात. त्याला स्काय टेरियर म्हणतात, काही जण डँडी डिनमाँट म्हणतात. दाढीबद्दल मात्र दोन्ही पक्षांचं एकमत. पुतळा आहे, आणि पर्यटकांनी नाक चोळून चोळून पार पिवळं केलंय.

बिअर्डेड कॉलीचं तर नशीबच. गेल्या शतकात जात जवळजवळ संपत आली होती. १९४४ मध्ये विलिसन नावाच्या बाईंनी शेटलंड शीपडॉग मागवला आणि घरी आलं हे दाढीवालं पिल्लू, जीनी. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी जोडीदार शोधून जात पुन्हा उभी केली.

तांबडा_रस्सा
चुकीचं पार्सल परत न करण्याचे फायदे.

गोठा_ते_गच्ची
मूळ प्रश्नाकडे येऊ. शेवंतीताई, तुम्ही लिहिलंय की वास गेल्या काही महिन्यांतलाच आहे. दाढी तर लहानपणापासून आहे. मग आताच वास का? माझ्या डोक्यात ते अडकलंय.

असं करा. दाढी नीट धुवा, हेअर ड्रायर अगदी कमी उष्णतेवर ठेवून पूर्ण वाळवा आणि मग हुंगा. वास गेला तर दाढीचा होता. गेला नाही तर ओठ वर करून मागच्या दाढा बघा. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ, तिच्या बाहेरच्या अंगाला पिवळं-तपकिरी कीटण चढलंय का? लाळेची नळी तिथेच उघडते, म्हणून कीटण तिथे आधी जमतं. हिरडीची कड लाल दिसते का? एकाच बाजूने चावतो का, घास तोंडातून पडतो का, तोंड जमिनीला घासतो का? लहान जातींत दातांचा त्रास फार आणि दाढीवाल्यांत तो उशिरा कळतो, कारण सगळा दोष दाढीवर जातो. मालक दाढी उडवून येतात आणि महिनाभराने वास आहे तिथेच.

नखाने किंवा कशाने खरवडू नका. आपली टूथपेस्टही नको. काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष.

कात्री_कंगवा
डॉक्टरांना +१. आमच्या टेबलावर हे रोज दिसतं. आम्ही सांगितलं तर लोकांना वाटतं बिल वाढवायला सांगतेय.

शेवंती_कोथरूड
सगळ्यांचे आभार. भांडं बदललं, सोफा थोडा वाचला. ओठाच्या कडेचे केस नवऱ्याने धरून आणि मी कापून काढले. भाऊसाहेब सहकार्य करत नाहीत, शेवटी आईंनी समोर बसून शेव दाखवत ठेवली तेव्हा झालं.

डॉक्टरसाहेब, वास गेला नाही. डाव्या बाजूला कीटण आहे, दिसलं. आणि हो, तो सोफ्याला तोंड पुसतो ना, ते बहुतेक वेळा डावीकडूनच, हे मुलाने सांगितलं. आम्ही त्याला सवय समजत होतो.

गोठा_ते_गच्ची
दाखवा लगेच. दात साफ करायला पूर्ण भूल लागेल, भूल न देता फक्त वरचं दिसणारं निघतं, हिरडीखालचं राहतं. आधी रक्त तपासतील. श्नाउझर म्हणून एक जास्तीचं: रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, ती तपासायला सांगा. या जातीत ती वाढलेली असते आणि त्यातून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खाण्यात तूप वगैरे जातं का?

शेवंती_कोथरूड
...आई रोज रात्री तूप-भात देतात. “थोडाच” असतो म्हणे. रविवारी शिरा.

गोठा_ते_गच्ची
तूप बंद. शेवही. शिऱ्यात बेदाणे असतील तर शिरा तर अजिबात नाही, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हा प्रतिसाद दाखवा.

झणझणीत
डॉक्टर, शौर्यपदकासाठी शिफारस करते. सासूबाईंचं तूप बंद करायला सांगणारा पुरुष पहिल्यांदाच बघितला.

नेकरकाठी
@शेवंती_कोथरूड, भूल दिलीच आहे तर त्याच वेळी दाढीतल्या गाठी काढून घेता येतील का, हे विचारून ठेवा. इथे काही डॉक्टर करतात.

शेवंती_कोथरूड
धागा वर काढतेय, खबर द्यायला. दात साफ झाले, दोन दाढा काढाव्या लागल्या, एकीच्या मुळाशी पू होता. ट्रायग्लिसराइड वाढलेलं निघालं, आता कमी चरबीचं खाणं. आई दोन दिवस डॉक्टरांवर रागावल्या होत्या, आता दुधी उकडून देतात आणि “मला आधीच शंका होती” असं शेजारी सांगतात.

वास गेला. दाढी डाव्या बाजूला डॉक्टरांनी कापली होती, म्हणून उजवीकडचीही तेवढीच केली. आता आबांच्या हिशेबाने दोन बोटं आहे आणि तेवढीच ठेवायची असं घरात ठरलंय. नवरा म्हणतो भाऊसाहेबांचे ‘बंडू’ झाले. पाणी अजून सांडतं, पण एका फडक्यात भागतं.

ल्हासाची_आई
वा! छान झालं. आमचे डाग आहेत तसेच आहेत, पण डोळ्यात केस टोचत होता तो सापडला. @कात्री_कंगवा, चिंचवडला कुठे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रोखठोक_मी
आलोच होतो म्हणून लिहितो. सोसायटीत काळूच्या मैत्रिणीला पिल्लं झालीत. चारपैकी दोघांना, कसं सांगू, दाढी येतेय. भुवयाही. वॉचमन त्यांना दाढीवाला १ आणि दाढीवाला २ म्हणतो.

पेशीपेशी
चारात दोन म्हणजे दाढीचं जनुक कुठून तरी आलंच. तुमच्या सोसायटीत ल्हासा, शित्झू कोणाकडे आहे?

रोखठोक_मी
शित्झू आहे. चेअरमनचा.

तांबडा_रस्सा
पॉपकॉर्न आणतो. वार्षिक सभा कधी आहे?